आखाजी ते आखाजी : घरखर्च पहिल्यांदाच हाती घेणाऱ्यांसाठी

नोकरी लागून पहिला पगार आला, लग्नानंतर वेगळी चूल मांडली, किंवा वडिलांनी शेतीचा हिशोब तुमच्या हाती दिला, की घर चालवण्याची जबाबदारी एकदम अंगावर येते. शाळेत हे कुणी शिकवत नाही. पैशांवरची पुस्तकं आणि व्हिडिओ पाहावेत, तर ते बहुतेक मोठ्या शहरातल्या पगारदारासाठी केलेले असतात. एक तारखेला ठरलेली रक्कम येणार आणि तिचे टक्क्यांनी वाटे करायचे, एवढंच त्यात असतं.

खान्देशातल्या कितीतरी घरांत पैसा तसा येत नाही. कापसाचा पैसा दसऱ्याच्या सुमारास पहिली वेचणी झाली की सुरू होतो आणि होळीपर्यंत तुटकतुटक येत राहतो. रावेर-यावलकडे केळीचा बाग कापला की एकरकमी येतो. नंदुरबार-दोंडाईच्याला मिरचीच्या हंगामात येतो. जळगावच्या एमआयडीसीत किंवा भुसावळला रेल्वेत नोकरी करणाऱ्याचंही गावी थोडंफार शेत असतं, आणि पेरणीच्या वेळी तिकडून फोन येतोच.

म्हणून माझं ठाम मत आहे की आपल्याकडे घराचा हिशोब महिन्याच्या आधी वर्षाचा मांडावा, आणि ते वर्ष आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून धरावं. आखाजी आपल्याकडे माहेरवाशिणींच्या झोक्यांसाठी आणि गाण्यांसाठी ओळखली जाते, पण शेतकऱ्याच्या घरात ती व्यवहाराचीही तारीख आहे. सालदाराचा, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचा, करार आखाजीला संपतो आणि आखाजीलाच नवा होतो. त्यामागे कारण आहे. तोवर गहू आणि दादर ज्वारी घरात आलेले असतात, कापसाचे किती झाले ते कळलेलं असतं, आणि बियाणं-खताचा खर्च अजून सुरू व्हायचा असतो. वर्षातून एकदा शांतपणे सगळे आकडे समोर मांडता येतील असे ते दिवस आहेत. तुम्ही हा लेख दिवाळीत किंवा श्रावणात वाचत असाल तर थांबू नका. आजपासून सुरुवात करा, पहिलं वर्ष तोकडं झालं तरी चालेल.

१. आधी एक महिना फक्त लिहा

दोनशे पानी वही घ्या. मोबाइलमध्ये लिहिण्याची सवय असेल तर तसं करा, पण घरात दोघं कमावणारे किंवा दोघं खर्च करणारे असतील तर वहीच बरी. ती स्वयंपाकघरात, दोघांच्या हाताला लागेल अशी ठेवा. रोज रात्री तीनच गोष्टी लिहायच्या : किती, कशावर, कुणासाठी. पहिल्या महिन्यात काहीही कमी करायचं नाही. आवरायला लागलात की खरा आकडा दिसत नाही, आणि आपल्याला खरा आकडाच हवा आहे.

यूपीआय आल्यापासून छोटा खर्च हाताला जाणवत नाही. चहाचे वीस, पाणीपुरीचे तीस, रिचार्जचे काही. म्हणून आठवड्यातून एकदा फोनमधली देवघेवीची यादी उघडा आणि वहीत राहून गेलेलं भरून घ्या. महिनाअखेर बेरीज करताना ‘कुणासाठी’ हा रकाना नीट बघा. बचत गटाच्या बैठकांत नव्या सुनांनी आणलेल्या वह्या मी पाहिल्या आहेत. किराणा आणि दूध यांचा अंदाज बहुतेकींना बरोबर असतो. चुकतो तो पेट्रोलचा, बाहेरच्या पार्सलचा आणि आहेराचा. लग्नसराईत एका महिन्यात किती पाकिटं गेली आणि त्यासाठी किती भाडं पडलं, याचा हिशोब घरात सहसा कुणीच ठेवत नाही.

२. मग ध्येय लिहा, आकडा आणि तारीख घालून

‘स्वतःचं घर व्हावं’ असं लिहिलं की वाचायला छान वाटतं, पण त्यासाठी सोमवारी सकाळी काय करायचं ते कळत नाही. ‘पाच वर्षांत प्लॉटसाठी ३ लाख’ असं लिहिलं की कळतं. ६० महिने, म्हणजे महिन्याला ५,००० रुपये. हे जमतं की नाही ते लगेच दिसतं.

समजा घरात महिन्याला २२,००० येतात आणि वहीप्रमाणे १५,००० खर्च होतात. उरतात ७,०००. मनात तीन गोष्टी आहेत : अडीनडीसाठी ६०,००० बाजूला असावेत, बायकोला २४,००० फी असलेला एक कोर्स करायचा आहे, आणि प्लॉटसाठी ३ लाख हवेत. पहिल्या दोन गोष्टी एका वर्षात आणि प्लॉट पाच वर्षांत असं तिन्ही एकदम ओढायला गेलात तर महिन्याला ५,०००, २,००० आणि ५,००० मिळून १२,००० लागतील. ते जमणार नाही, आणि दोन महिन्यांत वही बंद पडेल. आता क्रम लावा. पहिलं वर्ष ५,००० अडीनडीसाठी आणि २,००० कोर्ससाठी. वर्ष संपलं की सगळे ७,००० प्लॉटकडे. ४३ महिन्यांत ३ लाख एक हजार होतात. एकूण ५५ महिने, म्हणजे पाच वर्षांच्या आतच तिन्ही कामं झाली, आणि व्याज अजून धरलेलंच नाही. एका वेळी एक-दोन ध्येयं धरण्याचा फायदा असा आकड्यांत दिसतो.

आकडा बसत नसेल तर तारीख पुढे ढकला. मुलांच्या ताटातलं कमी करून तारीख गाठू नका.

सगळीच ध्येयं पैशांची नसतात, पण बहुतेकांना पैसे लागतात, म्हणून तीही याच पानावर लिहा. आपल्याकडची कितीतरी मुलं-मुली स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याला जातात. जावं, जरूर जावं. पण निघण्याआधी घरच्यांसोबत बसून दोन गोष्टी लिहून ठेवा : खोली, मेस, क्लास आणि अभ्यासिका मिळून वर्षाला किती लागणार, आणि किती वर्षं प्रयत्न करायचा. त्यानंतरचा दुसरा रस्ताही तेव्हाच लिहा. वर्षं उलटून गेल्यावर हे बोलणं घरात सगळ्यांनाच जड जातं. आधी बोलून ठेवलं तर मुलाच्या मनावरचं ओझं कमी होतं आणि आईवडिलांनाही कर्ज काढावं लागेल का ते आधीच कळतं.

नवरा-बायकोने ध्येयं वेगवेगळी लिहावीत आणि मग एकमेकांना दाखवावीत. एकाच घरात राहूनही जोडीदाराला काय हवंय ते पहिल्यांदा कागदावर दिसतं, असं मी अनेक घरांत पाहिलं आहे.

३. हंगामाच्या पैशातून स्वतःला पगार द्या

पगारदारांनी हा भाग सोडून पुढे गेलं तरी चालेल. पण शेती, केळीचा किंवा कांद्याचा व्यापार, मंडप-केटरिंगसारखा लग्नसराईचा धंदा ज्यांच्या घरी आहे, त्यांच्यासाठी या लेखातलं सर्वांत महत्त्वाचं काम हेच आहे.

एकरकमी पैशाचा धोका असा की हातात आलेली रक्कम मोठी दिसते, आणि तिच्यावर पुढचे किती महिने काढायचे आहेत ते दिसत नाही. दिवाळीला मोटारसायकल येते आणि जूनमध्ये बियाणं उधारीवर. यावर उपाय म्हणजे पैसा आला त्याच दिवशी त्याचे वाटे करणं.

समजा हंगामात एकूण ३,६०,००० आले. पहिला वाटा देण्यांचा : कृषी सेवा केंद्राची उधारी आणि पीककर्ज मिळून ८०,०००. दुसरा पुढच्या पेरणीचा : बियाणं, खत, फवारणी, मजुरी यांसाठी ७०,०००. उरले २,१०,०००. त्याला बाराने भागा, १७,५०० होतात. आता घराचा पगार १५,००० ठरवा, आणि महिन्यामागे २,५०० प्रमाणे वर्षाचे ३०,००० वाईट सालासाठी राखून ठेवा. बोंडअळी, अवकाळी, गारपीट यांतलं काहीतरी दर काही वर्षांनी आपल्या वाट्याला येतंच, तेव्हा हे ३०,००० कामी येतात.

यासाठी बँकेत दोन खाती लागतात. एकात सगळा पैसा ठेवायचा आणि त्याचं एटीएम कार्ड घरात कपाटात. दुसऱ्या खात्यात दर महिन्याच्या एक तारखेला १५,००० आपोआप यावेत अशी सूचना बँकेला लिहून द्या. रोजचा खर्च आणि यूपीआय या दुसऱ्या खात्यावरच. पेरणीचे ७०,००० तीन-सहा महिन्यांच्या मुदत ठेवीत टाका, मुदत मे अखेरीस संपेल अशी. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर कापूस घातला तर पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात, म्हणून ते जोडलेलं खातं पहिलंच असू द्या. व्यापाऱ्याकडून रोख मिळाले तर ते घरात रात्रभरही ठेवू नका.

४. व्याज थांबवा

बचतीच्या आधी कर्ज. गावात व्याज ‘शेकडा’ने सांगतात, म्हणून ते लहान वाटतं. शेकडा ३ म्हणजे महिन्याला शंभरामागे तीन, म्हणजे वर्षाला ३६ टक्के. ५०,००० घेतले असतील तर महिन्याला १,५०० आणि वर्षाला १८,००० नुसतं व्याज, मुद्दल जागेवरच. असं कर्ज डोक्यावर असताना पोस्टात सात टक्क्यांनी पैसे साठवणं म्हणजे दरवर्षी तोटा करून घेणं आहे. घरातली सगळी कर्जं दरासकट लिहा आणि ज्याचा दर सर्वांत जास्त ते आधी फेडा. घरात दागिना असेल तर तो बँकेत तारण ठेवून सावकाराचं कर्ज मिटवणं हा चांगला मार्ग आहे. दागिना परत मिळतो आणि व्याज निम्म्याहून खाली येतं. परवाना नसलेल्या सावकाराला २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याने धंदाच करता येत नाही. त्याची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे करता येते.

पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरा. वेळेत भरणाऱ्यांना ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज राज्य आणि केंद्राच्या व्याज सवलतीमुळे बिनव्याजी पडतं. एक दिवस उशीर झाला तरी ही सवलत जाते, म्हणून होळीच्या आधीच पैशाची सोय बघा. गटकर्ज घेणाऱ्या बायांना एक विनंती : एका गटाचा हप्ता भरायला दुसऱ्या गटाचं कर्ज काढायची वेळ आली, तर त्याच दिवशी घरात सांगा. लपवून ते वाढतं.

५. कोठी भरा

वर्षाचं धान्य एकदम भरणं ही खान्देशातली जुनी रीत आहे आणि ती आजही पैसे वाचवते, पण कधी काय घ्यायचं हे माहीत असेल तरच. माल नवा निघतो तेव्हा बाजारात आवक जास्त असते आणि भाव पडलेला असतो.

तूर माघाच्या आसपास येते, तेव्हा डाळ भरा. दादर होळीच्या पुढेमागे निघते. गहू चैत्रात. लसूणही त्याच सुमारास, आणि साठवणीचा उन्हाळ कांदा त्याच्या थोडा मागून. नंदुरबारच्या बाजारात हिवाळ्यात ओल्या लाल मिरचीचे ढीग लागतात आणि गावाबाहेर पथाऱ्यांवर ती वाळत पडते. घरच्या तिखटासाठी फाल्गुन-चैत्रात चांगली वाळलेली मिरची घ्या आणि उन्हाळ्यातच कुटून आणा. उडीद-मूग मात्र भाद्रपद-आश्विनात, आणि शेंगदाणे दिवाळीच्या आगेमागे. म्हणजे सगळी कोठी आखाजीला भरते असं नाही. वहीच्या मागच्या पानावर बारा महिने लिहून त्यापुढे त्या-त्या वस्तूचं नाव टाका, म्हणजे पैसा कोणत्या महिन्यात लागेल तेही कळेल.

किती घ्यायचं? चार माणसांच्या घरात पोळी-भाकरीला रोज किलोभर पीठ धरलं तर वर्षाला ३६५ किलो. दोन क्विंटल गहू आणि दीड-पावणेदोन क्विंटल दादर पुरते. प्राधान्य कुटुंबाचं रेशन कार्ड असेल तर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मोफत मिळतं. चौघांचं वर्षाचं २४० किलो झालं. ते वजा करून मगच बाकीची खरेदी करा. पहिल्या वर्षी सहा महिन्यांचंच भरा. आपल्या घरात खरंच किती लागतं ते वहीवरून कळेल.

पोतं घेण्याआधी दोन किलो वानगी आणा. दळा, भाकरी करून बघा. भाकरी थापताना चिरत असेल किंवा गव्हाची पोळी वातड होत असेल, तर स्वस्त मिळालेलं पोतं वर्षभर छळतं. ओळखीच्या शेतकऱ्याकडून थेट घेतलं तर दोघांचाही फायदा होतो. शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून घेतलं तर टेम्पोचं भाडं वाटून जातं.

धान्य दोन-तीन कडक उन्हं द्या. मग रात्रभर सावलीत पसरून पूर्ण गार होऊ द्या आणि तेव्हाच कोठीत भरा. गरम धान्य बंद केलं तर आत वाफ धरते, आणि त्या ओलाव्यात कीड होते. थरांमध्ये सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला घाला, डाळींना एरंडेल चोळा. कोठी भिंतीला टेकवू नका, खाली फळी ठेवा. पहिला मोठा पाऊस झाला की एकदा हात घालून बघा. आणि साठवणीसाठी कर्ज काढू नका. भावात जे वाचतं ते व्याजात जातं.

उन्हाळ्याच्या वाळवणाचंही तसंच. उडदाचे पापड, ज्वारीचे बिबडे, कुरडया, शेवया घरी करायला गल्लीतल्या चार जणींची साथ असेल तर खर्च फारच कमी येतो. दोघंही नोकरीला जात असाल तर जिवाचा आटापिटा करू नका, गावातल्या बचत गटाकडून घ्या. पाकीटबंद मालापेक्षा चांगलं मिळतं आणि पैसा गावातच राहतो.

रोजच्या जेवणात तर आपल्याकडे काटकसर आणि चव एकत्रच चालतात. जून-जुलैत भाजी कडाडते तेव्हा तुरीच्या डाळीचे फुणके आणि कढी, डुबुकवडे, वरण-बट्टी आहेत. ज्वारीत उडीद घालून दळलेल्या कळण्याची भाकरी, तोंडी लावायला ठेचा आणि कांदा, एवढ्यावर जेवण होतं आणि उडदामुळे ते नुसतं पोटभरीचंही राहत नाही. हिवाळ्यात भरताची वांगी ऐन भरात असतात. जळगावच्या भरीत वांग्याला आणि केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या दोन-तीन महिन्यांत आठवड्याला दोनदा भरीत होऊ द्या, पाहुणे आले तरी भरीतच करा. पंगतीला याहून मानाचं आणि याहून कमी खर्चाचं काही नाही. आपल्या स्वयंपाकात तेल मात्र सढळ असतं. महिन्याचं तेल चार भागांत काढून आठवड्याचा डबा वेगळा ठेवा. डबा शनिवारीच संपला तर रविवारची भाजी बिनतर्रीची. पैशाइतकीच तब्येतीलाही ती मानवते.

आठवडी बाजाराला यादी घेऊन जा. बाजार उठायच्या वेळी भाव उतरतो, पण तेव्हा पालेभाजी कोमेजलेली असते. कांदे, बटाटे, दुधी, वांगी उशिरा घ्या आणि पालेभाजी सकाळी.

६. उन्हाळ्याचं बिल, रोजचा प्रवास

जळगाव-भुसावळचा मे महिना सांगायची गरज नाही. पण आपला उन्हाळा कोरडा आहे, आणि कोरड्या हवेत पाण्याचा कूलर फार छान काम करतो. साधारण २०० वॅटचा कूलर आठ तास चालला तर दीड युनिटच्या थोडं वर जातं. दीड टनाचा एसी तासाला एक ते दीड युनिट घेतो, म्हणजे तेवढ्याच वेळात आठ ते बारा. कूलरची जाळी हंगामाच्या सुरुवातीला बदला आणि एक खिडकी थोडी उघडी ठेवा. दमट हवा बाहेर गेली नाही तर खोली गार होत नाही. पंखा नवा घ्यायचाच असेल तर कमी वीज खाणारा, बीएलडीसी मोटरचा घ्या. साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो, हा ३० च्या. रोज पंधरा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला वीस युनिट वाचतात. महावितरणच्या घरगुती बिलात १०० आणि ३०० युनिटला दर चढतो, त्यामुळे टप्प्याच्या काठावर असाल तर हेच वीस युनिट महत्त्वाचे ठरतात.

प्रवासाचा हिशोब पटकन होतो. जळगाव-भुसावळ जाऊन-येऊन अठ्ठेचाळीस किलोमीटर, म्हणजे मोटारसायकलला रोज लिटरभर पेट्रोल. पंचवीस दिवसांचे अडीच हजारांच्या वर गेले. रेल्वेचा मासिक पास त्याच्या छोट्याशा हिश्शात निघतो. गाडीची वेळ जुळत असेल तर पासच काढा. एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे. घरातल्या ज्येष्ठांचं कार्ड काढून द्या.

७. वाचलेलं कुठे ठेवायचं

वाचलेला पैसा त्याच दिवशी ध्येयाच्या खात्यात गेला पाहिजे. बिलात वाचलेले तीनशे रुपये रोजच्या खात्यात पडून राहिले की आठवड्यात खर्च होतात. हे एवढं सांभाळलंत तर बाकी सगळं जमेल.

पहिला नंबर अडीनडीच्या पैशाचा. पगारदाराने तीन ते सहा महिन्यांचा खर्च आणि शेतकऱ्याने एका हंगामाचा खर्च बचत खात्यात किंवा मोडता येईल अशा मुदत ठेवीत ठेवावा. दुसरा नंबर विम्याचा. जीवन ज्योती विमा योजनेचा हप्ता वर्षाला ४३६ रुपये आणि अपघाताच्या सुरक्षा विमा योजनेचा २० रुपये आहे. दोन्हींत २ लाखांचं कवच मिळतं. पहिल्या योजनेत १८ ते ५० वयात सामील होता येतं, दुसरी १८ ते ७० साठी आहे. विम्याचं वर्ष १ जूनला सुरू होतं, म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात खात्यात ४५६ रुपये शिल्लक आहेत ना ते बघा. खात्यात पैसे नसल्याने विमा बंद पडला आणि घरच्यांना ते फार उशिरा कळलं, असं होता कामा नये.

मग ठरावीक बचत. पोस्टाची आरडी (आवर्ती ठेव) महिन्याला १०० रुपयांपासून सुरू होते आणि पाच वर्षांची असते. मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल तर सुकन्या समृद्धी खातं आजच उघडा. वर्षाला किमान २५० आणि जास्तीत जास्त दीड लाख भरता येतात. पैसे १५ वर्षं भरायचे आणि खातं २१ वर्षांनी परिपक्व होतं. मुलगी १८ ची झाल्यावर शिक्षणासाठी निम्मी रक्कम काढता येते. पंधरा वर्षांच्या टप्प्यासाठी पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी) आहे, त्यात वर्षाला किमान ५००. या योजनांचे दर सरकार दर तिमाहीला ठरवतं, तेव्हा उघडताना विचारून घ्या. म्युच्युअल फंडाची एसआयपी, म्हणजे दरमहा ठरावीक गुंतवणूक, सात-आठ वर्षांहून लांबच्या ध्येयासाठी ठीक आहे, पण अडीनडीचा पैसा आणि विमा झाल्यावरच.

पतसंस्थेबद्दल मला कळकळीने सांगायचंय. बँकेतल्या, मग ती सहकारी का असेना, ठेवीला ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण नाही. एक-दोन टक्के जास्त व्याजासाठी निवृत्तीचा सगळा पैसा पतसंस्थेत ठेवलेल्या आणि नंतर वर्षानुवर्षं खेटे घालणाऱ्या माणसांचं दुःख खान्देशाने जवळून पाहिलं आहे. ओळखीचा संचालक आहे, ऑफिस चकचकीत आहे, यावर जाऊ नका. भिशीही एकमेकांना पुरतं ओळखणाऱ्या दहा-बारा जणांची, लहान रकमेची असेल तेवढीच ठीक.

आणि सोनं. जळगावच्या सराफ बाजाराचं नाव सगळीकडे आहे आणि सोन्यावर आपला जीव आहे. घ्या, पण हिशोब समजून घ्या. एक लाखाच्या सोन्याचा दागिना घेतला आणि घडणावळ १० टक्के असली, तर १,१०,००० वर ३ टक्के जीएसटी लागून १,१३,३०० मोजावे लागतात. मोडायला गेलात तर घडणावळ आणि कर परत मिळत नाही. म्हणून अंगावर घालायला दागिना आणि साठवायला वेढणी किंवा नाणं, असं वेगळं ठेवा. दागिन्यावर हॉलमार्कचा सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी क्रमांक आहे ना ते बघा, तो बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) ॲपवर तपासता येतो. पक्कं बिल घ्या.

८. जिथे हात आखडायचा नाही

मजुराची आणि सालदाराची मजुरी पाडून वाचवू नका. त्याच्याही घरात वही आहे. दवाखाना पुढे ढकलू नका. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात, रेशन कार्ड आणि आधारवरची नावं जुळतात का ते आत्ताच तपासा, दवाखान्यात उभं राहून नाही. रोजची औषधं जनऔषधी दुकानात मिळतात का ते डॉक्टरांना विचारून घ्या. मुलांचं दूध-अंडी, हेल्मेट, गाडीचे ब्रेक यांतलं काही कमी करायचं नाही.

नात्यांचा खर्चही टाळू नका, त्याला वर्षाचा आकडा द्या. आहेर, कानबाईचा उत्सव, आखाजीला येणाऱ्या बहिणी या सगळ्यांसाठी मागच्या वर्षीच्या वहीवरून एक रक्कम काढा आणि वेगळी ठेवा. कानबाईला भाऊबंद एकत्र येतात, तेव्हा खर्चाची वाटणी आधी बोलून घेतली तर कुणा एकावर भार पडत नाही. घरात लग्न असेल तर समाजाच्या सामूहिक विवाहाचा विचार मनापासून करा. आपल्याकडे अनेक समाजांत ती रीत रुजलेली आहे, आणि तिथे वाचलेले दोन-तीन लाख नव्या जोडप्याच्या नावाने ठेवता येतात.

९. एक फाइल

हे काम एका दुपारचं आहे. बँकेची पासबुकं, मुदत ठेवीच्या पावत्या, विम्याची कागदपत्रं, सातबारा, सोन्याची बिलं, कुणाला दिलेले आणि कुणाकडून घेतलेले हातउसने यांची यादी, सगळं एका फाइलमध्ये लावा. प्रत्येक खात्याला वारसदाराचं नाव लागलंय का ते बँकेत जाऊन बघा. लग्नाआधीची खाती असतील तर तिथे बहुतेक वेळा आईवडिलांचं नाव असतं, ते बदलायचं की नाही ते घरात बोलून ठरवा. पहिल्या पानावर सगळ्या खात्यांची यादी, कोणतं खातं कोणत्या ध्येयाचं, आणि प्रत्येक हप्त्याची तारीख लिहा. पिन आणि पासवर्ड या फाइलमध्ये लिहू नका. फाइल कुठे आहे ते जोडीदाराला दाखवा, आणि पुढच्या वेळी बँकेच्या कामाला जाल तेव्हा त्यालाही सोबत न्या.